गोल्फची काठी आणि कसाऱ्याचा घाट



गोल्फ हा शब्द वाचून आपल्यापैकी काहीजण पान उलटणार, हे आम्हांस ठाऊक आहे. आपल्या वस्तीत क्रिकेट, कबड्डी, फार तर कॅरम. हा साहेबांचा खेळ आमच्या सदरात कुठून आला, असे आपण विचाराल. तर थोडे थांबावे. या खेळात काठी एकाच्या हातात असते आणि काठ्यांची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर असते. त्या दुसऱ्याला कॅडी म्हणतात. आमचे मामा कॅडी होते. निरनिराळ्या मैदानांवर मिळून एकतीस वर्षे त्यांनी ती पिशवी वाहिली. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली आला आहे.

आता आमच्या थोरल्या ताईचा मुलगा, वय वर्षे एकोणीस, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोही शनिवार-रविवार पिशवी उचलायला जाऊ लागला. खर्चापुरते पैसे मिळतात, म्हणून कोणी काही बोलले नाही. पण भाद्रपदात त्याने घरात जाहीर केले, की आयटीआय सोडतो, पूर्णवेळ मैदानावर जातो आणि गोल्फचा खेळाडू होतो. ताईने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "दुसऱ्याचं ओझं उचलायचं सोडा, म्हणून बाबासाहेब सांगून गेले. आणि हा शिकून सवरून ओझं उचलायला निघालाय."

अशा तंग वातावरणात २०२५ च्या ऑक्टोबरात आमचा प्रवास ठरला. तेरा ऑक्टोबरला येवल्याच्या घोषणेला नव्वद वर्षे होत होती, तेव्हा येवल्याला जायचे, जाताना नाशिकची लेणी बघायची, असा बेत. शेजारच्या टॅक्सीवाल्या मित्राची सात जणांची गाडी मिळाली, डिझेल आम्ही घालायचे. रविवारी पहाटे निघताना मामांनी गाडीच्या डिकीत एक लांबट गुंडाळी सरकवली. जुन्या लुंगीत बांधलेली लोखंडी काठी होती ती, सात नंबरची. एका म्हाताऱ्या खेळाडूने खेळ सोडताना मामांना दिलेली. बरोबर एका पिशवीत सहा जुने चेंडू. ताईने बघितले आणि काही न बोलता शेजारी भाकरीचा डबा ठेवला.

घाटकोपरहून हमरस्त्याला लागलो. रमाबाई आंबेडकर नगरावरून जाताना गाडीतले बोलणे आपोआप थांबले. ११ जुलै १९९७ ला ज्यांची माणसे गेली त्यांच्यापैकी काहीजण आमच्या ओळखीचे आहेत.

डोंगराचे देखावे पाहायला निघालेल्या घाटकोपरकराची एक गंमत सांगावी लागेल. आपल्याकडे डोंगर आहेच की! असल्फ्याला जा, आझाद नगरला जा, डोंगरावरच तर घरे आहेत. पण तो डोंगर पावसाळ्यात झोपू देत नाही. जुलै २००० मध्ये तिथे दरड कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्यामुळे आमच्या सहचारिणीला डोंगर दिसला की आधी संरक्षक भिंत आठवते, मग फुले. "कसाऱ्याचा डोंगर पक्का आहे ना?" हा तिचा पहिला प्रश्न होता.

मुलुंडच्या नाक्यावर न थांबता गाडी पुढे गेली. लहान गाड्यांचा टोल तिथे २०२४ च्या ऑक्टोबरात माफ झाला. ठाणे, भिवंडीचा वळणरस्ता, पडघा. शहापूरकडे उजाडले. या बाजूच्या डोंगरांत तानसा, भातसा, वैतरणेची धरणे आहेत. आपल्या नळाला जे पाणी येते ते मुख्यतः इथून येते. आमच्या लेकीने विचारले, गोल्फच्या हिरवळीला पण हेच पाणी का? मामा हसले. म्हणाले, "हिरवळीची तहान मोठी असते बाळा. तिला सुट्टी नाही."

मग मामांना बोलते करणे भाग होते, कारण गाडीत चौघांना या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी सांगितले ते असे. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, लिंबाएवढा. भोक १०८ मिलिमीटरचे, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. अशी अठरा भोके सव्वाशे-दीडशे एकरांत पसरलेली. कमीत कमी टोल्यांत चेंडू सगळ्या भोकांत घालायचा. ज्याचे टोले कमी तो जिंकला. पिशवीत चौदापर्यंत काठ्या चालतात, म्हणजे खांद्यावर बारा-पंधरा किलो, आणि एका फेरीत सात-आठ किलोमीटर चाल. पण ओझे हा कामाचा सोपा भाग, असे मामांचे म्हणणे. कुठून किती अंतर, वारा कुठला, गवत ओले की सुके, हिरवळीचा उतार कुठे फसवा आहे, हे सगळे कॅडीने सांगायचे असते. "टोला त्याचा, अंदाज माझा," मामा म्हणाले. "नाव मात्र टोल्याचं होतं."

"आणि फंड?" ताईने मागच्या सीटवरून विचारले.

मामा गप्प बसले. कॅडीला फेरीचे पैसे मिळतात. फेरी नाही तर पैसे नाहीत. पावसात मैदान बंद, गुडघा दुखला तर तेही बंद. तो कोणाचा नोकर, हा प्रश्न जगभर भिजत पडला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाँगकाँगच्या एका कॅडीचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. क्लबने त्याला नंबर दिला होता, गणवेश दिला होता, फेरीचा दरही क्लबच ठरवीत असे. तरी निकाल असा, की तो क्लबचा नोकर नव्हे. एका न्यायमूर्तींनी वेगळे मत दिले, पण बहुमत ते बहुमत. गिरणीत, गोदीत, महापालिकेत ज्यांनी 'कायम' होण्यासाठी वर्षे घालवली त्या आपल्या वाचकांना यातली मेख वेगळी सांगायला नको. हे आम्ही गाडीत सांगितले तेव्हा भाचा खिडकीबाहेर बघू लागला. ताईला मात्र बळ आले.

खर्डी मागे टाकली तसे डोंगर जवळ आले. इथे एक निर्णय करायचा होता. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आहे. इगतपुरी-कसारा भागात त्यावर सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. ज्याला नाशिकला लग्नाचा मुहूर्त गाठायचा आहे त्याने जरूर तिकडून जावे. पण बोगद्यातून डोंगर दिसत नाही, हे उघड आहे. आम्ही जुनाच रस्ता धरला होता, आणि केले ते बरे केले.

वाचकहो, शरदातला कसारा घाट एकदा तरी पाहावा. पावसाळ्यात तिथे धुके आणि धबधबे असतात, सगळी मुंबई तिकडे धावते, आणि चिखल घेऊन परत येते. उन्हाळ्यात नुसता जळका कातळ. या दोहोंच्या मधे अश्विनात पंधरा-वीस दिवस असे असतात की हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. कड्यांच्या उतारावर सोनकीची पिवळी फुले दाट पसरलेली, खाली तेरड्याचा गुलाबी रंग ओसरत आलेला, आणि गवताचे शेंडे नुकतेच तांबूस व्हायला लागलेले. कड्यांवरून अजून पाण्याच्या बारीक रेघा उतरत होत्या. पलीकडे आगगाडी बोगद्यातून निघून पुढच्या बोगद्यात शिरत होती. कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिने लावून ती वर ढकलतात. लेकीने ती मोजली. आमच्या सहचारिणीने दरडीवरच्या लोखंडी जाळ्या निरखून पाहिल्या आणि मग कुठे मान वर करून फुले पाहिली.

घाट चढल्यावर इगतपुरीच्या पुढे भातखाचरे लागतात. लोंब्या पिवळ्या पडून वाकल्या होत्या. घोटीजवळ उजव्या हाताला कळसूबाईची रांग उघडली. १६४६ मीटरचे ते शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. आम्ही रस्त्याकडेला गाडी लावून भाकरी, ठेचा आणि सुकटीची चटणी काढली. खाताना कोणी गोल्फचे नाव काढले नाही.

नाशिकच्या अलीकडे त्रिरश्मी लेणी. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. चोवीस लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचे, अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की चारिकेला निघायचे, हा जुना रिवाज. आम्ही पोहोचलो तेव्हा पौर्णिमा होऊन आठवडाही झाला नव्हता. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी याच दिवसांत हे डोंगर उतरून भिक्खू याच रस्त्याला लागले असतील. मामा पायऱ्या चढताना तीनदा बसले. भाच्याने त्यांचा हात धरला होता.

दहाव्या लेण्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारावर दरमहा शेकडा पाऊण व्याज. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा खर्च भागवायचा. हे ऐकून मामा एकदम म्हणाले, "म्हणजे फंड होता की!" ताई हसली. त्या दिवसातले तिचे पहिले हसू. तिथेच दुसऱ्या एका लहान लेण्यात मुगूदास नावाच्या माणसाच्या दानाचा लेख आहे. अभ्यासक त्याला कोळी मानतात. राजाच्या जावयाच्या लेखापुढे त्याचा लेख अगदीच छोटा, पण नाव कोरलेले आहे आणि ते अजून वाचता येते.

संध्याकाळी भाच्याच्या हट्टाखातर शहरात गोल्फ क्लब मैदानावर गेलो. बिचाऱ्याला वाटले होते, इथे गोल्फ असेल. नाशिककर वाचक हसतील. मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, मोठमोठ्या सभा होतात, माणसे फेऱ्या मारतात. गोल्फ गेला, नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले. बाया कॅनव्हासचे बूट घालून साडीवर झपझप चालत होत्या, पोरे टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत होती, कडेला एक आजोबा भेळ खात होते. आम्हांला तर ते फार आवडले. भाचा मात्र हिरमुसला. मामांनी त्याला जवळ घेतले, डोळे बारीक केले आणि बोट दाखवून म्हणाले, "त्या झाडापर्यंत किती?" भाचा म्हणाला, "एकशे तीस यार्ड." मामा म्हणाले, "एकशे चाळीस. वारा तोंडावर आहे." दोघे बराच वेळ असेच झाडे मोजत उभे होते.

रात्री नातेवाइकांकडे मुक्काम. जेवणे झाल्यावर खरा वाद झाला. भाच्याने आपली बाजू मांडली, आणि ती पोकळ नव्हती. बाबासाहेबांच्या जन्मगावचे, महूचे मुकेश कुमार लहानपणी कॅडी होते. त्यांनी देशातल्या स्पर्धांमागून स्पर्धा जिंकल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, दिल्लीत पॅनासोनिक ओपन ही आशियाई दौऱ्यावरची स्पर्धा जिंकली. अली शेर दिल्लीचे कॅडी. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक. कोलकात्याचे चौरसिया, ज्यांचे वडील मैदानाची हिरवळ राखायचे, त्यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. भाच्याला तारखांसकट पाठ होते. आयटीआयचे धडे इतके पाठ असते तर, असे ताईच्या तोंडावर आलेले आम्ही पाहिले, पण ती बोलली नाही.

तेव्हा आम्ही पापवाची गोष्ट सांगितली. पापवा सेवगोलम हा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या समाजातला. लिहिता-वाचता येत नव्हते. कॅडीचे काम करता करता खेळायला शिकला. कोणी शिकवले नाही, म्हणून काठी धरायचा ती उलटी. उजवा हात वर नि डावा खाली. त्या उलट्या पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ मध्ये आपल्याच डर्बनमध्ये नाताळ ओपन जिंकला. बाहेर पाऊस पडत होता. वर्णभेदाच्या कायद्यामुळे गोरे लोक क्लबच्या इमारतीत, आणि जिंकलेल्या पापवाला करंडक बाहेर पावसात दिला. ते छायाचित्र जगभर गेले. १९६५ मध्ये त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवले. मग सरकारने त्याला स्पर्धांतूनच बंद केले. १९७८ मध्ये तो गेला, तेव्हा पन्नाशीचा होता, आणि हाताशी पैसा नव्हता.

खोलीत शांतता पसरली. ही गोष्ट कोणाच्या बाजूची, हे आम्हांलाही सांगता आले नसते. भाचा म्हणाला, "बघ, जिंकला ना!" ताई म्हणाली, "हातात दुसरं काही असतं तर उपाशी मेला नसता." मग ती मामांकडे वळली. "तुम्ही सांगा. तुमचा खांदा बघून मी बोलतेय."

मामा बऱ्याच वेळाने म्हणाले, "पोरा, मी बघितलंय. शंभर पोरं पिशवी घेतात, दोघं-चौघं खेळाडू होतात. उरलेली माझ्यासारखी होतात. वायर जोडता येत असेल तर पावसाळ्यात पोट भरतं. आधी आईच्या हातात सर्टिफिकेट दे. काठी काय, कुठं पळून जात नाही." भाच्याने उत्तर दिले नाही. चादर डोक्यावरून घेतली.

दुसरा दिवस येवल्यात गेला. त्या गर्दीबद्दल, मुक्तिभूमीबद्दल पुन्हा केव्हातरी.

परतताना घोटीच्या अलीकडे आमच्या साडूंच्या गावी चहाला थांबलो. गावाबाहेर गायरान आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते अशाच जमिनींसाठी. साडूंच्या वडिलांनी त्यात तुरुंगवास भोगला होता. दोन एकर मिळाले, त्यावर भात उभा होता. पलीकडे नुसते गवत, आणि त्यापलीकडे अलंग-मदन-कुलंगचे कडे उन्हात तांबडे झालेले. मामांनी डिकी उघडायला लावली.

एकतीस वर्षांत त्यांनी चेंडू मारला नव्हता असे नाही. मैदान बंद असे तेव्हा कॅडी मंडळी आपापसांत मारत. पण घरच्या माणसांसमोर कधी मारला नव्हता. पहिला टोला फसला, माती उडाली. लेक हसली. दुसऱ्यांदा 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि चेंडू कड्याच्या दिशेने इतका उंच गेला की आम्हांला तो दिसेनाच. मामा काठी खांद्यावर तशीच धरून उभे. ताईने डोळ्याला पदर लावला, म्हणाली, ऊन येतंय.

मग भाच्याने मारला. त्याचा टोला खरोखरच देखणा होता, हे मान्य केले पाहिजे. चेंडू पडला तिथे एक गुराखी पोरगा बसला होता, दहा-अकरा वर्षांचा. तो धावत चेंडू घेऊन आला. भाच्याने घेतला, पुन्हा मारला, आणि त्याला हाताने खूण केली, आण. पोरगा पुन्हा धावला. तिसऱ्यांदा धावायला निघाला तेव्हा ताईचा आवाज असा चढला की गुरांनीही माना वर केल्या.

"त्याला कशाला पळवतोस रे? तुझे पाय मोडलेत का?"

भाच्याचा चेहरा लाल झाला. आम्हीही चपापलो, कारण इतका वेळ आम्ही तो देखावा कौतुकाने पाहत होतो. खरे सांगायचे तर खिशात दहाची नोटही चाचपून ठेवली होती. भाचा स्वतः चेंडू आणायला गेला. आल्यावर त्याने काठी त्या पोराच्या हातात दिली. पोरगा लाजला. मग विटीदांडूच्या सवयीने त्याने ती घट्ट धरली, उजवा हात वर आणि डावा खाली.

"असं नाही," म्हणत भाचा पकड सुधारायला पुढे झाला.

"राहू दे," मामा म्हणाले. "पापवाची पकड आहे ती."

पोराने मारले. चेंडू खाचरांच्या बांधापलीकडे कुठे तरी गेला. ताईने त्याला विचारले, आज सोमवार, शाळा नाही का? त्याने जमिनीकडे बघितले. मग तो, भाचा आणि आमची लेक असे तिघे गवतात चेंडू शोधत राहिले. उन्हे कड्यावरून उतरली, साडूंनी चहाला दोनदा हाक मारली, तरी चेंडू सापडला नाही. मामांनी पिशवीतले उरलेले चेंडू मोजून लुंगीत काठीबरोबर बांधले, आणि एक त्या पोराला दिला.

मंगळवारी सकाळी भाचा आयटीआयला गेला. शनिवारी मैदानावर गेला.